आईला छप्पर चालत नाही

आमच्या देवीला छप्पर चालत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं की त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नाही. कुणाला वांगं चालत नाही, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, तसं आमच्या वाघजाईला छप्पर चालत नाही. पानशेतच्या धरणामागे डोंगराच्या कुशीत आमचं गाव, गावाच्या वरच्या अंगाला आमची राई, आणि राईच्या मधोमध, झऱ्याच्या शेजारी, उघड्यावर तिचा शेंदूर फासलेला दगड. आम्ही तिला आईच म्हणतो. ऊन, पाऊस, गळणारी पानं, सगळं तिच्या डोक्यावरून जायचं आणि ती मजेत असायची. निदान आम्ही तरी तसं धरून चाललो होतो.

छपराचा विषय पहिल्यांदा निघाला तो मात्र पुण्यात. नारायण पेठेत, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या हॉलमध्ये. गावात आता म्हातारीकोतारी आणि गुरं उरली आहेत. बाकीचं गाव पुण्यात राहतं. कुणी कारखान्यात, कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी कँटीनमध्ये. माझा चुलत भाऊ हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. रोज सकाळी तासन्‌तास त्या गर्दीत अडकून पडतो आणि तिथेच त्याला गावाच्या उद्धाराच्या कल्पना सुचतात. त्या रविवारी त्यानंच सगळ्यांना बोलावलं होतं. वडापाव आले, चहा झाला, आणि तो उभा राहिला.

"आपन समदी स्लॅबखाली ऱ्हायला लागलो," तो म्हणाला. "आई आजून पावसात भिजती. आपल्याला कायतरी वाटाया पायजे का न्हाय?"

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. मला दिसलं की हे आता थांबणार नाही. मी मागून उठले आणि म्हणाले, "अरे, आईला छप्पर चालत नाही."

"कुनी सांगितलं?"

"सगळ्यांनीच सांगितलंय. आपल्या आजोबांनी सांगितलंय."

"ताई, तवा ऐपत नव्हती," तो म्हणाला, "म्हनून चालत नव्हतं."

टाळ्या पडल्या. मी शाळेत भूगोल शिकवते, वर्गात माझ्यासमोर कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी मला खाली बसावं लागलं.

भावावर मी त्या वर्षी जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. पण त्याच्या मनात खोट नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याची मुलगी लहान असताना तिला गावी साप चावला होता. श्रावणातली दुपार, धो धो पाऊस, जीप खालच्या गावाहून यायची होती. तोपर्यंत तो पोरीला उचलून राईत गेला. आईला विचारलं, पोर जगंल का. आईनं हो म्हटलं. मग जीप आली, पुण्याच्या दवाखान्यात औषध मिळालं आणि पोर जगली. "माझ्या पोरीसाठी आई माझ्यासंगं भिजत हुती," असं तो सांगायचा, तेव्हा त्याचा आवाज फुटायचा. अशा माणसाशी भांडायचं कसं? मी भांडले. पण भांडताना माझ्या पायाखाली कधी घट्ट जमीन लागली नाही.

राई म्हणजे काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला गेलं की तो मान डोलावतो आणि म्हणतो, "हो हो, देवराई ना, ट्रेकला गेलो होतो एकदा." म्हणून सांगते. बाहेर ऊन रणरणत असायचं, डोंगर उन्हाळ्यात बोडके, पिवळे. आणि राईच्या हद्दीला पाय ठेवला की अंगावर काटा यायचा, इतका गारवा. चपला बाहेर काढायच्या. मोठ्यानं बोलायचं नाही, शीळ घालायची नाही. पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, ती तिथेच कुजायची. बेहडे इतके मोठे की दोन माणसांच्या कवेत मावायचे नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर अंजनी निळीशार फुलायची, पानांपेक्षा फुलंच जास्त दिसायची. आणि झऱ्याशेजारच्या बेहड्यावरून निघालेली गारंबीची वेल. वेल म्हणायचं म्हणून म्हणायचं, माणसाच्या मांडीहून जाड होती ती. या झाडावरून त्या झाडावर करत सगळ्या राईला तिनं बांधून ठेवलं होतं. शेकरू राईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमिनीला पाय न लावता जायचं, ते तिच्यावरून. तिच्या शेंगा हाताएवढ्या लांब, आणि आतल्या बिया तपकिरी, गुळगुळीत, मुठीत धरावंसं वाटणाऱ्या. त्यातली एक बी माझ्या टेबलावर आहे. तपासायच्या पेपरांवर मी ती ठेवते.

मी वर्गात दरवर्षी फळ्यावर सह्याद्री काढते. उष्ण कटिबंधातला डोंगराळ प्रदेश, भरपूर पाऊस, म्हणून वनस्पतींची आणि प्राण्यांची विविधता. मुलं लिहून घेतात आणि विचारतात, "मिस, किती मार्कांना?" पण पाऊस तर आमच्या भागातल्या सगळ्याच डोंगरांवर सारखा पडतो. बाकीचे बोडके आणि आमचा तेवढा गच्च, याचं कारण पावसात नव्हतं. आईच्या धाकात होतं. हे पुस्तकात नाही आणि मार्कांनाही नाही.

धाक म्हणजे आई काही देतच नव्हती असंही नाही. विचारलं तर द्यायची. माझे वडील, म्हणजे आबा, तिचे गुरव. विचारायचं काम त्यांचं. झऱ्याच्या पाण्यानं तो दगड ओला करायचा. झऱ्याकाठच्या तगरीच्या कळ्या घ्यायच्या आणि त्या ओल्या दगडाला उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या. मग प्रश्न घालायचा आणि थांबायचं. पाणी ओघळत, वाळत जातं तशी एखादी कळी सुटते. आधी उजवी पडली तर हो. आधी डावी पडली तर नाही. याला आमच्याकडे कौल लावणं म्हणतात आणि त्या कळ्यांना कळे. दगड खडबडीत, जागोजाग खळगे पडलेला. आबांना त्यातला खळगा न्‌ खळगा माहीत होता. एका बैठकीला एकच विचार, हा नियम.

मी लहान असताना शिमग्याच्या सुमाराला गावातली काही घरं जळाली. लोक काळवंडलेल्या तोंडांनी राईत आले. आई, आढ्याला लाकूड दे. बेहडा दाखवला, डावा पडला. दुसऱ्या दिवशी आबांनी आंबा दाखवला, डावा पडला. तिसऱ्या दिवशी झऱ्याकडे झुकलेली, आपणहून पडायला टेकलेली एक जांभळी दाखवली. उजवा. त्या एका जांभळीत सगळ्यांची आढी बसली. कुणी म्हटलं नाही की आई चिकट आहे. एवढ्यात भागवायचं आहे हे सगळ्यांना कळलं.

आई गेल्यावर, माझी आई म्हणते आहे मी, आबा माझ्याकडे पुण्यात राहायला आले. मला सख्खा भाऊ नाही. माझे यजमान पेठेतलेच, तोंडानं तिखट पण माणूस बरा. ते आबांना म्हणाले, "या. जागा लहान आहे, पण तुमच्या देवीपेक्षा बरी. छप्पर आहे." आबा तेवढ्यावर खूश. गॅलरीत त्यांनी एका कुंडीत तगर लावली. दर अमावास्येला मी किंवा भाऊ त्यांना गावी घेऊन जायचो आणि ते आईला न्हाऊ घालून यायचे.

हॉलमधल्या सभेनंतर ठरलं की आईलाच विचारायचं. मला हायसं वाटलं. आई नाहीच म्हणणार, माझी खात्री होती. पण दिवस जवळ येत गेला तशी माझी खात्री पातळ होत गेली. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी एकदा जेवताना मी आबांना म्हणाले, "आबा, डावी कळी जरा कोरडीच लावा. म्हणजे लवकर सुटेल."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "पोरी, तुला तिचं म्हननं ऐकायचं हाय का तुझं?"

"मला राई वाचवायचीय."

"मग तू वाचीव. माझ्या हातानं तिला बोलाया लावू नगंस."

त्यांनी ताट सारलं आणि उठले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आजही मला विचाराल तर मी पुन्हा तेच सांगेन, कोरडी लावा. इतकी वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही ते वाचवायला एक कोरडी कळी लागत असेल तर लागू दे.

कौलाच्या दिवशी पुण्याहून गाड्या भरभरून लोक आले. राईच्या हद्दीवर चपलांचा ढीग पडला. आबांनी आंघोळ करून, ओलेत्यानं, दगड भिजवला, कळे लावले. डोळे मिटून म्हणाले, "आई, लेकरं म्हनत्यात तुला देऊळ बांधायचं. बांधू द्यावं का?"

वर कुठेतरी शेकरू खर्‌खर्‌ करत होतं. मग डाव्या अंगाची कळी अलगद सुटली आणि खाली पडली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. भावाचा चेहरा पांढराफटक झाला. तिथेच हे सगळं संपलं असतं. पण गावातले एक काका, कारखान्यात फोरमन होते, आता रिटायर झालेत, ते घसा खाकरून म्हणाले, "सवाल बराबर घातला न्हाय. आई कशाला म्हनंल, मला बांधा म्हनून? आपली आई तरी म्हनती का, मला लुगडं आना? न्हायच म्हनती. बांधलं तर कोप करशील का, आसं इचारा."

"एका बैठकीला एकच इचार," आबा म्हणाले.

"ह्यो इचार येगळा हाय, आबा."

लोक कुजबुजायला लागले. बरोबर हाय, येगळा हाय. आबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मी मान हलवत होते, नाही, नाही, नाही. त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मग पुन्हा पाणी घेतलं, दगड भिजवला, कळे लावले. "आई, लेकरांनी मायेनं बांधलं, तर कोपशील का?"

पुन्हा डावाच पडला.

कोपणार नाही! 'चांगभलं' असा गजर झाला, ज्या राईत आम्ही कधी मोठ्यानं खोकलो नाही तिथे. भाऊ लहान मुलासारखा रडत होता. आणि मी ओरडत होते, "अहो, दोन्ही वेळा डावाच पडलाय! दोन्ही वेळा नाहीच म्हणालीय ती!"

फोरमनकाका शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरीन हाय. दुसरा न्हाय कोपाला हाय."

हिशेबानं ते बरोबर होतं.

परत येताना खडकवासल्याला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या. पाण्याकाठी लोक भजी खात, फोटो काढत होते. मी आबांवर तोंड सोडलं. तुम्ही दुसऱ्यांदा का लावलात? नियम तुमचाच ना? तुम्ही सरळ नाही म्हणायचं.

"म्या न्हाय म्हनायचं आसतं, तर तिचं काय काम उरलं?" ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे दिवस मी कशी जगले ते मलाच ठाऊक. शाळा सुटली की मी कुणाच्या ना कुणाच्या दारात. एका सरकारी कचेरीत गेले, तिथल्या माणसानं नकाशा पाहिला आणि म्हणाला, हे आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कचेरीत गेले, ते म्हणाले, धार्मिक बाब आहे, गावाचा ठराव आहे, आम्ही काय करणार? शहरातल्या निसर्गप्रेमी मंडळींना मी गाडी करून घेऊन गेले. चांगली माणसं. झाडांना हात लावून हळहळली, वेलीखाली उभं राहून फोटो काढले, ते फोटो त्याच संध्याकाळी सगळ्या जगाला दाखवले, आणि खाली लिहिलं की अडाणी गावकरी हे तोडायला निघाले आहेत. झालं. गावातले जे चार लोक मनातून माझ्या बाजूनं होते तेही उलटले.

भाऊ माझ्या घरी आला. बसला नाही, दारातच उभा. "ताई, तू तिसऱ्या मजल्यावर ऱ्हातीस. तुला पंखा हाय, गीझर हाय. आन्‌ आईनं भिजायचं, व्हय? तुमच्या त्या पाखरांसाठी?"

"ती भिजते म्हणून तर झरा आहे रे."

"आईचा झरा आईला सांभाळता येतो," तो म्हणाला. "तू येऊ नगंस आता. लोकं चिडल्यात. मला तुझा आपमान बघवनार न्हाय."

तो गेला आणि यजमान आतून म्हणाले, "बाई, तुमचा देव, तुमचं जंगल. तुम्हीच तोडता, तुम्हीच रडता. आम्ही पेठेतल्या लोकांनी नुसते चहा करायचे." मी त्यांच्यावर भांडं फेकायचं बाकी ठेवलं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून रडले, तेव्हा त्यांनी खरोखरच चहा केला.

कुणी म्हणालं नव्हतं की राई तोडायची. हे मला आजही गावातलं पोरसुद्धा शपथेवर सांगेल. फक्त देवळापुरती जागा. मग सिमेंटचा ट्रक वर यायला वाट हवी. मग ट्रक वळायला जागा हवी. मग स्लॅबवर फांदी पडायला नको. मग दर्शनाला येणाऱ्यांच्या गाड्या उभ्या करायला थोडं सपाट हवं. प्रत्येक वेळी थोडंच. लाकूड बांधकामवाला घेऊन गेला. जिथे काटकी उचलायची चोरी होती तिथून ट्रॉल्या भरून गेल्या, आणि कुणाला काही झालं नाही. आईनं शब्द पाळला. ती कोपली नाही.

गारंबी बुंध्याशी तोडली होती. मला कुणी बोलावलं नव्हतं तरी मी गेले होते. गंमत अशी की वर ती हिरवीच होती. तिला अजून कळलंच नव्हतं. मी खाली तो तुटलेला बुंधा बघत होते आणि वर तिची पानं वाऱ्यावर हलत होती, उरलेल्या झाडांना धरून. मला वाटलं, काहीतरी करता येईल. कुणाला तरी विचारावं, बांधून घ्यावं, माती लावावी. मी वेड्यासारखी त्या बुंध्याला हातानं माती थापत बसले होते. गवंडी काम थांबवून बघत होते. पुढच्या वेळी गेले तेव्हा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी तपकिरी झाली होती.

देऊळ सुरेख झालं, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या फरश्या, स्टीलचे कठडे, कळस. मूर्ती बाहेरून आणलेली, काळीभोर, तोंड दिसेल इतकी चकचकीत, चांदीचे डोळे. भावानं स्वतः गाभाऱ्यात पंखा बसवला. जुन्या दगडाचं काय करायचं असा प्रश्न आला, तेव्हा गवंड्यानं सुचवलं की मूर्तीच्या पुढ्यात, फरशीखाली पायातच घेऊ, म्हणजे मूळ स्थान हलणार नाही. सगळ्यांना पटलं. आबांनी त्या दिवशी दगडाला शेवटचं न्हाऊ घातलं. झऱ्यात तोवर सिमेंटचा गाळ बसला होता, पाणी टाकीतून आणलं.

त्यानंतर कौल लावायची वेळच आली नाही. लोक यायचे, नारळ फोडायचे, फोटो काढायचे आणि जायचे. आबा अमावास्येला जायचे, मूर्ती पुसायचे आणि परत यायचे. बोलणं त्यांचं कमी झालं होतं. मी वय झालं म्हणून सोडून देत होते.

यंदा उन्हाळ्यात भावाची तीच मुलगी, जिला साप चावला होता, आजारी पडली. आता ती मोठी आहे, नोकरी करते. पोटात गाठ निघाली. आधीच सांगून टाकते, पोरगी आज बरी आहे, डॉक्टरांनी बरं केलं, तेव्हा तिची काळजी करू नका. पण त्या दिवशी ते आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करायला हवं, जोखीम आहे, होकार द्या. भाऊ म्हणाला, आईला विचारल्याशिवाय देणार नाही. त्याची बायको रडत होती, डॉक्टर वैतागले होते. भाऊ माझ्या घरी आला आणि आबांच्या पायाशी बसला. "आबा, चला." माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तूबी चल." वर्षभरात तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. आबांनी गॅलरीतल्या तगरीच्या कळ्या खुडल्या आणि ओल्या फडक्यात बांधून घेतल्या, कारण झऱ्याकाठची तगर ट्रकच्या वाटेत गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पूर्वी जिथून गारवा लागायचा तिथून आता फरशा तापलेल्या, मला तर तळपाय उचलून उचलून चालावं लागलं. गाभाऱ्यात पंखा फिरत होता. आबांनी बाटलीतलं पाणी मूर्तीवर घातलं आणि उजवीकडे कळी लावली. ती घसरून खाली आली. पुन्हा लावली. घसरली. डावीकडे लावली, तीही घसरली. काचेवर लावावी तशी. आबा शांतपणे परत परत लावत होते आणि कळ्या परत परत खाली येत होत्या, प्रश्न घालायच्या आतच.

"आबा, जरा दाबून लावा," भाऊ म्हणाला.

दाबून लावली. घसरली.

"गूळ लावू का थोडा? चिकटंल."

आबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या खिशात फोन वाजायला लागला, दवाखान्याचा असणार. त्यानं तो काढला नाही.

आबा खाली बसले. मूर्तीच्या पुढ्यातल्या फरशीवर त्यांनी तळहात टेकला आणि अंधारात काही शोधावं तसा हळूहळू फिरवला. एका ठिकाणी थांबले. मला कळलं, भावालाही कळलं. तिथेच खाली होता तो. आबांनी फरशीवर पाणी शिंपडलं. उजव्या अंगाला कळे ठेवले, डाव्या अंगाला कळे ठेवले. पंख्याच्या वाऱ्यानं एक कळी हलली. भाऊ धावत गेला आणि त्यानं पंखा बंद केला.

"आई," आबा म्हणाले, "पोरीच्या पोटावर चाकू लावायचा म्हनत्यात. लावू द्यावा का?"

आम्ही थांबलो. बाहेर पक्षी नव्हता, पान नव्हतं. भावाच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्याची नजर त्या कळ्यांवरून हलत नव्हती. फोन पुन्हा वाजला आणि पुन्हा बंद झाला. मी, जिनं एवढा आकांत केला होता, मीही हात जोडून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं बाई, एकदा बोल, हवं तर माझं चुकलं म्हण, पण बोल. फरशीवरचं पाणी कडेनं वाळत आलं आणि मग सगळंच वाळलं. कळे जिथे ठेवले होते तिथेच होते.

"आबा," भाऊ म्हणाला, "काय म्हनती?"

आबांनी वाळलेल्या फरशीवर पुन्हा तळहात टेकला. मग हळूच म्हणाले, "पडाया जागाच न्हाय, बाबा."